हरण्यातही दोन तऱ्हा: १९६२चे मेट्स आणि २०२४चे व्हाइट सॉक्स

अमेरिकेतल्या बेसबॉलचे हे दोन सर्वांत हरलेले हंगाम. न्यूयॉर्क मेट्स, १९६२: ४० विजय, १२० पराभव. शिकागो व्हाइट सॉक्स, २०२४: ४१ विजय, १२१ पराभव, त्यात सलग २१. मेट्सचे दोन सामने कमी निकाली निघाले, आणि विजयाच्या टक्केवारीत तेच खाली.

तरी माझा जीव मेट्सवर. संघ त्याच वर्षी जन्मलेला, मॅनेजर सत्तरी ओलांडलेले केसी स्टेंगल. जूनमध्ये मार्व थ्रोनबेरीने असा फटका हाणला की गडी धापा टाकत थेट तिसऱ्या बेसवर (धावताना पाय टेकवायच्या थांब्यावर)! पण पहिल्या बेसला पाय टेकवलाच नव्हता. बाद. स्टेंगल तावातावाने पंचांकडे निघाले, तर कळलं, दुसऱ्या बेसलाही टेकवला नव्हता म्हणे. शेवटच्या सामन्यात तर एकाच फटक्यावर तिघे बाद. पोट धरून हसावं आणि उद्याचं तिकीट काढावं, असा हा संघ. सातच वर्षांत, १९६९ला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकला!

सॉक्सचं तसं नाही. २००५चे वर्ल्ड सिरीज विजेते, २०२१ला गटात पहिले. तीनच वर्षांत ही गत, म्हणून हसू घशातच अडकतं. पण सगळं हरून बसल्यावर शेवटच्या सहांपैकी पाच सामने जिंकले, त्याचं मला फार कौतुक वाटतं.