गोधडी हाताने शिवावी की मशीनवर?

नवरात्र तोंडावर आलं की घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं, आणि कुठल्या गोधडीचे दिवस भरलेत ते तेव्हाच कळतं. ओली गोधडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळताना जुनं कापड कुठे सुटलं ते हाताला लागतं. दोरीवर टाकली की विरलेल्या जागांमधून ऊन आरपार दिसतं. मग ट्रंकेतल्या साड्या बाहेर येतात. थंडीपर्यंत नवी गोधडी हवी असेल तर आश्विनात बसायला हवं, आणि बसण्याआधी ठरवायला हवं: हाताने की मशीनवर?

मी दोन्ही केलंय. मशीनवर चार गोधड्या, हाताने सहा. पुढे जे लिहितोय ते या दहा गोधड्यांच्या बळावर. तुमचं मशीन वेगळं, हात वेगळे, साड्या वेगळ्या, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल, ते धरून चाला.

वेळेचा हिशेब आधी उरकतो, कारण मशीनकडे वळायचं पहिलं कारण तेच असतं. 6 फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडीत दीड-दीड इंचावर ओळी घातल्या, तर त्या सगळ्या ओळी मिळून साधारण 65 मीटर भरतात. चार थरांतून माझा हात तासाला दोन मीटर जातो. रात्री जेवणं झाल्यावर रोज तासभर बसलो आणि दिवाळीचे दिवस सोडले, तर घटस्थापनेला धरलेली गोधडी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हातावेगळी होते. मशीनवर तेच काम दोन रविवारांत होतं. त्यातला एक रविवार थर पसरून कच्चा दोरा घालण्यातच जातो, कारण मशीनसाठी तो वीत-वीतभर अंतरावर घालावा लागतो. हाताच्या कामाला हातभर अंतर चालतं.

ऑक्टोबरचा उकाडाही मशीनच्याच बाजूचा. चार थरांचं कापड मांडीवर घेऊन बसलं की घामाने सुई बोटातून निसटते, दोरा चिकटतो. मी शेवटी पहाटे बसायला लागलो. ज्यांना पहाट मोकळी नसते त्यांनी याचा विचार जरूर करावा.

इथवर मशीन पुढे आहे. आता चुणीबद्दल.

मशीनवरची माझी तिसरी गोधडी आईच्या दोन सुती नऊवारींची होती. वर हिरवी, खाली जांभळी, मध्ये वडिलांचं धोतर आणि एक जुनी चादर. नऊवारीचा पन्हा साडेचार फुटांना पुरत नाही, म्हणून दोन्हींना जोड दिलेला. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा असते. मध्यावरची टिप मारताना अर्धी गोधडी, म्हणजे 27 इंच, वळकटी करून त्या जागेतून न्यायची. एका हाताने वळकटी ढकलायची, दुसऱ्याने डावीकडचं ओझं सावरायचं. खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा पाय वरचा थर दाबून धरतो, आणि दोघांची चाल कधी जुळत नाही. वरच्या थराचा फुगवटा पायापुढे साचताना दिसतो, तिथे थांबता येतं. खालच्या थराचं काय चाललंय ते दिसतच नाही. वळकटीच्या वजनाने तो एकीकडे ताणला जातो, दुसरीकडे सैल पडतो, आणि सैल पडलेला भाग पुढच्या टिपेखाली दुमडून शिवला जातो.

शेवटची टिप मारली आणि गोधडी उलटी केली. जांभळ्या बाजूला, बरोबर मध्यावर, वीतभर लांब चूण. तिच्यावरून तीन टिपा गेलेल्या. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका कापायला बसलो. नव्या कापडातली टिप उसवली की भोकं राहतात, पण एक-दोन धुण्यांत ती मिटतात. वर्षानुवर्षं नेसलेल्या लुगड्यात तसं होत नाही. दोरा ओढला तसं कापडाचं सूतही सोबत आलं आणि बोटभर चीर गेली. तिथे ठिगळ लावलं. उरलेल्या दोन टिपा उसवायचा धीर झाला नाही, चूण अर्धी तशीच राहू दिली. ती गोधडी अजून वापरात आहे. झोपेत कूस बदलली की ती कड कमरेखाली येते. घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येत नाही, मला मात्र दर वेळी कळते. आईचं लुगडं आणि त्यात मी पाडलेली चीर, हे काही मनातून जात नाही.

चौथ्या गोधडीला मी वॉकिंग फूट लावलं. ते वरचा थरही दात्यांच्या चालीने पुढे नेतं. फरक नक्की पडला. वीतभराच्या चुण्या बोटाच्या पेरावर आल्या. पण त्या संपल्या नाहीत, आणि दर दोन टिपांनंतर गोधडी काढून, उलटी करून, पुन्हा वळकटी करून आत घालायची, यात मशीनने वाचवलेला बराचसा वेळ गेला. सुई आणि खांबामध्ये जास्त जागा असलेल्या मोठ्या मशीनवर हे सोपं जात असेलही. माझं काम घरातल्या मशीनवरचं आहे आणि बहुतेकांचं तसंच असतं.

हाताने शिवताना ही अडचण येत नाही, कारण डावा तळहात सतत कापडाखाली असतो. गोधडी फरशीवर पसरलेली, आपण तिच्यावरच बसलेलो. सुईवर तीन-चार टाके भरायचे, दोरा ओढायचा, मग ओळीवरून अंगठा फिरवून ती निपटून घ्यायची. खाली कुठे दुमड आली तर तळहाताला ती टाका पडायच्या आधी लागते.

आई कडेपासून सुरू करून आत-आत फेऱ्या घालायची. नीट विचार केला तर त्या पद्धतीत सगळा सैलपणा मध्यावर साचायला हवा. मी तिला एकदा विचारलंही होतं, “आई, तू मधून का सुरू करत नाहीस?” ती म्हणाली, “प्रत्येक फेरीत थोडं थोडं जिरवायचं असतं.” तेव्हा कळलं नाही, स्वतः शिवायला लागल्यावर कळलं. धावदोऱ्याचा टाका किंचित सैल असतो, दोन टाक्यांमध्ये कापड थोडं उचललं जातं आणि फुगवटा तिथे वाटला जातो. जुन्या गोधडीवर ज्या बारीक लाटा दिसतात त्या याच. मशीनची टिप वरून आणि खालून दोन दोऱ्यांनी कापड आवळून धरते, तिच्यात असं काही जिरत नाही. जे उरतं ते एका जागी गोळा होतं.

अंगावर घेतल्यावरही हा फरक जाणवतो, निदान मला. मशीनची गोधडी पहिलं वर्षभर पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, खांद्यापाशी वळत नाही, बाजूने वारा आत येतो. हाताची पहिल्या रात्रीपासून अंगाला धरून बसते. ओळी विरळ घेतल्या तर मशीनचीही मऊ होते, पण मग धुताना आतले थर सरकतात.

टिकाऊपणाबद्दल मी जरा जपून बोलेन. मशीनची टिप धाग्यापुरती नक्कीच पक्की, त्यात वाद नाही. पण इंचाला आठ-दहा भोकं पडतात, हाताच्या टाक्याला फार तर तीन-चार, आणि थर जाड म्हणून मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई घालावी लागते. माझी मशीनवरची पहिली गोधडी चौथ्या वर्षी टिपेच्या रेषेवरच फाटली, पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखी सरळ. त्याच सुमाराच्या हाताच्या गोधडीचा दोरा तीन-चार ठिकाणी तुटला, तो मी एका दुपारी पुन्हा घातला. एका गोधडीवरून नियम सांगू नये. त्या साड्या मुळात जास्त विरलेल्या असतील.

दोऱ्याचंही तसंच. मशीनला पीळदार, मजबूत पॉलिएस्टर दोरा मानवतो. हाताला साधा सुती दोरा पुरतो, आणि कापड मऊ असेल तर दोराही मऊच बरा, म्हणजे ताण आला तर दोरा तुटेल, कापड वाचेल. बंगालात जुन्या कांथा, म्हणजे तिकडच्या गोधड्या, साडीच्याच काठातून काढलेल्या दोऱ्याने भरत, यातलं शहाणपण मला गोधडी फाटल्यावर उमगलं.

मग मशीन कुणी घ्यावं? बाळाची दुपटी करायची असतील तर डोळे मिटून मशीन. आकार लहान, वळकटी करावी लागत नाही, रोजच्या धुण्याला टिप पक्की हवी. वरचा आणि खालचा थर नव्या कापडाचा असेल तरी मशीन चालेल, चूण पडली तर निर्धास्त उसवता येते. बोटांचे सांधे दुखत असतील तर अंगुस्तान घालूनही चार थरांतून सुई काढणं त्रासाचं होतं, त्यांनी स्वतःला छळू नये. आणि दिवाळीला कुणाला द्यायचीच आहे, हातात पंधरा दिवस आहेत, तर दुसरा मार्गच नाही.

पण साड्या आईच्या, आजीच्या असतील, पुन्हा मिळणार नसतील, तर माझं मत विचाराल तर हाताने शिवा. निदान मध्याचा भाग तरी. दीड महिना लागतो, हे खरं. पण त्या दीड महिन्यात उसवायची वेळ आली तरी सैल टाका सुईच्या टोकाने वर काढता येतो, कापडाला इजा न करता.

मी आता काठ तेवढा मशीनवर करतो. कडेला वळकटी आड येत नाही, कापड हाताखाली राहतं, आणि ओढाताण तिथेच जास्त होते म्हणून पक्की टिप तिथे उपयोगी पडते. कोपरे सगळ्यात आधी झिजतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ते पाहिल्यापासून मीही कोपऱ्यांना दुहेरी त्रिकोण देतो.

यंदाची गोधडी बहिणीच्या दोन साड्यांची आहे. काठ रविवारी मशीनवर झाला, कोपरे लागले. आतली दुसरी फेरी चालू आहे, लांबीच्या बाजूला एक फुगवटा आहे, तो या आठवड्यात तीन फेऱ्यांत जिरवायचा.