मोरपंखी आणि मोतिया: पावसाळा काढल्यानंतर

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, दोन्ही अंगांना शेजारच्यांच्या भिंती. सोप्यात ऊन येतं ते जेमतेम अकरा ते एक. पाडव्याआधी घर रंगवायला काढलं तेव्हा मुलीला गडद मोरपंखी हवा होता, मला मोतिया. शेवटी टीव्हीमागची एक भिंत मोरपंखी, बाकी सगळं मोतिया. दोन्ही एकाच कंपनीचं, एकाच प्रतीचं इमल्शन, लक्ष्मीपुरीतून आणलेलं.

मोरपंखी भिंत 12 बाय 10 फुटांची. दोन हातांना एक लिटर पुरेल असा हिशेब होता, पण पुरला नाही. गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगछटा मिसळायच्या मूळ रंगात, करतात त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच, म्हणून खालचा प्रायमर डोकावत राहिला. तिसऱ्या हातासाठी आणखी एक डबा आणला. प्रायमरमध्येच थोडा राखाडी स्टेनर, म्हणजे छटेसाठी मिसळायचा रंग, टाकला असता तर हा हात वाचला असता, हे पेंटरमामांनी काम संपल्यावर सांगितलं! मोतिया दोन हातांत भरला.

उजेडाचं शेडकार्डावर काही कळत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत शेडपुढे प्रकाश परतवण्याचा आकडा असतो, 0 ते 100 मधला. आमच्या मोतियाचा 78, मोरपंखीचा 9. पूर्वी तीन वाजताच ट्यूब लावायला लागायची, आता पाचपर्यंत मी सोप्यात बसून तांदूळ निवडते. चारही भिंती मोरपंखी केल्या असत्या तर ते सुख गेलं असतं. पण संध्याकाळी टीव्हीमागं तो रंग डोळ्यांना फार निवांत वाटतो, हे मी मुलीजवळ मान्य केलंय.

ऑगस्टमध्ये भिंतीला लोणा आला. मोतियावर तो जवळ गेल्यावर दिसतो. मोरपंखीवर पांढरी भुकटी दारातूनच दिसते. ओल्या फडक्यानं पुसलं तर तिथं चकाकी उमटली, वरून ब्रश मारला तर ठिगळ दिसलं. ओल धरणाऱ्या भिंतीला गडद रंग अजिबात देऊ नका.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. मोतियावरचा पांढरा स्विचबोर्ड त्यांना सापडत नाही, हात चाचपडत राहतो. मोरपंखीवरचा त्यांना दारातून दिसतो. उरलेल्या अर्ध्या डब्यातून मी त्यांच्या खोलीतल्या बोर्डाभोवती वीतभर मोरपंखी चौकट रंगवली. आता रात्री उठल्या की त्या स्वतःच दिवा लावतात.