गॅरेजच्या भिंतीमागे पेट्यांचं लाकूड

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर गाडी विकली आणि जागा रिकामीच पडून होती. लेक गाणं शिकते. तिला रियाजाला स्वतंत्र खोली हवी म्हणून गेल्या वर्षी गॅरेजचं रूप बदलायचं ठरवलं. भिंती काँक्रीटच्या. पश्चिमेकडची भिंत एप्रिलमध्ये रात्री नऊलासुद्धा हाताला गरम लागते. म्हणून भिंतींना उभ्या लाकडी पट्ट्या, मधल्या गाळ्यांत उष्णता अडवणारे बोर्ड आणि वरून प्लायचं पॅनेल, असं काम ठरलं.

ओळखीतून एक ठेकेदार आला. मजुरी-मटेरियल धरून २२० रुपये चौरस फूट. तीन भिंतींचे ४१४ चौरस फूट, म्हणजे ९१,०८० रुपये. कोटेशनवर 'ट्रीटेड लाकूड, गिट्टी-स्क्रू, मरीन प्लाय' एवढंच लिहिलेलं. गिट्टी म्हणजे भिंतीत भोक पाडून बसवतात आणि जिच्यात स्क्रू पिळतात ती छोटी नळी. लाकडाला कसली ट्रीटमेंट, स्क्रू किती अंतरावर, हे मी विचारलं नाही. ६०,००० रुपये आगाऊ दिले.

माल उतरला त्या दिवशी त्याने स्वतःहून एक पट्टी माझ्या हातात दिली. तिच्यावर काळ्या शाईत 'एचटी' ही इंग्रजी अक्षरं होती, शेजारी गव्हाच्या कणसाचं अर्धं चित्र. "बघा ताई, ट्रीटेड हाय. शिक्का बघून घ्या." मी बघितला आणि निश्चिंत झाले.

हा शिक्का नीट समजून घ्या, कारण मी इथेच फसले. परदेशी मालाच्या पेट्या आणि पॅलेट यांच्या लाकडावर तो असतो. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं, एवढाच त्याचा अर्थ. तापवल्याने त्या वेळी आत असलेली कीड मरते, पण पुढे वाळवी किंवा कीड लागू नये म्हणून लाकडात काहीच राहत नाही. वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड वेगळं असतं. सीसीए, म्हणजे तांबं, क्रोम आणि आर्सेनिक यांचं औषध, मुरवलेली पट्टी कापली तर औषध पोचलंय तिथपर्यंत हिरवट दिसते. मला दाखवलेली पट्टी म्हणजे फोडलेल्या पेटीचा तुकडा होता, कणीस अर्धंच होतं ते त्यामुळे.

काम तीन दिवसांत उरकलं. मी दिवसभर शाळेत, घरी सासूबाई. त्या म्हणाल्या, "पोरं शांत आहेत गं, मशीन नाही की काही नाही, नुसतं ठोकतात." काँक्रीटला भोक पाडायचं तर हॅमर ड्रिलचा आवाज गल्लीभर जातो. तो तीन दिवसांत झालाच नव्हता, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. उरलेले पैसेही मी चुकते केले.

पावसाळ्यात खोलीला कोंदट वास यायला लागला. श्रावणात मिरजेहून तंबोऱ्याच्या तारा बदलायला काका आले. जवारी लावताना त्यांची नजर पॅनेलच्या खालच्या कडेला गेली. तिथे मैद्यासारखा पिवळसर भुसा सांडला होता. त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला. "वहिनी, तंबोरा आधी इथनं हलवा. ही कीड भोपळ्यात शिरली तर वाद्य गेलं." मग पॅनेलवर त्यांनी बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत टकटक केली. कमरेच्या खाली आवाज पार पोकळ होता.

त्याच संध्याकाळी शेजारच्या सुताराला बोलावून एक पॅनेल काढलं. नऊ फुटी पट्टीला दीड-दीड फुटावर सात स्क्रू हवेत, असं तो म्हणाला. निघाले तीन खिळे, तेही प्लास्टरमध्येच अडकलेले. काँक्रीटमध्ये एकही शिरला नव्हता. पट्टी नुसत्या हाताने ओढली तर प्लास्टरच्या ढपल्यासकट बाहेर आली. पुरानंतर त्या भिंतीला पांढरा खार फुटायचा, तो तसाच ठेवून वरून लाकूड ठोकलेलं. खालच्या दोन फुटांत वाळवीच्या मातीच्या वाटा. बोर्डाच्या जागी टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पांढरा थर्माकोल, आणि त्यातून विजेची वायर पाइपशिवाय उघडी नेलेली. ती वायर बघून माझे हातपाय गार पडले. माझी पोर रोज पहाटे दोन तास त्या भिंतीला पाठ लावून बसत होती. प्लायवर मरीनचा आयएस ७१० हा मानक क्रमांक नव्हता, साध्या प्लायचा आयएस ३०३ होता.

ठेकेदाराला फोन केला. "पुराची भिंत हाय ताई, त्याला आम्ही काय करणार?" नंतर फोन उचलणंच बंद.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कोटेशन, पैसे दिल्याचे बँकेचे तपशील, पॅनेल काढतानाचे फोटो जोडले. शिक्क्याची ती पट्टी जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

बाकीची पॅनेलं आम्ही उतरवली. भिंत उघडी करून वाळायला सोडली आहे, खार रोज ब्रशने घासून काढतो. पूर्ण सुकल्याशिवाय नवीन पट्टी लावायची नाही असं ठरलंय. नव्या सुताराकडून आधी एक पट्टी आडवी कापून घेणार आहे आणि पहिलं भोक पडेपर्यंत शेजारी उभी राहणार आहे. तोवर तंबोरा माजघरात आहे आणि लेक तिथेच, सासूबाईंच्या खाटेशेजारी, खर्ज लावते.