नमुना घेण्यापासून अहवालापर्यंत: नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका पुरुष वंध्यत्व केंद्राचा अनुभव

लग्नाला चार वर्षे होऊनही मूल होत नाही म्हणून माझ्या पत्नीच्या सर्व तपासण्या दोनदा झाल्या आणि माझी पहिली वीर्यतपासणी त्यानंतर झाली, तीही एका साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. त्यांनी डबी घरी दिली. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पाथर्डी फाट्यावरून मोटारसायकलवर मी ती घेऊन गेलो आणि काउंटरवर ती आणखी तासभर पडून राहिली. अहवालात शुक्राणूंची हालचाल 18 टक्के आली. त्या एका आकड्याने आमच्या घरातले दोन महिने नासवले.

त्यानंतर ज्या पुरुष वंध्यत्व केंद्रात गेलो त्याचे नाव लिहीत नाही, पण तिथली पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे. नमुना देण्याची खोली प्रयोगशाळेला लागूनच आहे. आधी 2 ते 7 दिवसांचा संयम पाळला का, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, तंबाखू आहे का, काम उष्णतेजवळ आहे का, हे विचारले जाते. मी अंबडला भट्टीवर काम करतो. अंडकोषांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. व्यायामशाळेतील मुले घेतात ती टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूनिर्मिती बंदही पाडू शकतात, हेही तिथेच कळले. नमुना 37 अंशांवर ठेवून तासाभराच्या आत पाहिला गेला आणि नमुना दिल्याची व तपासल्याची अशा दोन्ही वेळा अहवालावर नोंदवलेल्या होत्या.

तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेतल्यावरच डॉक्टरांनी मत दिले. हालचाल 36 टक्के होती, आणि एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 10 लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेतील खालच्या मर्यादा अनुक्रमे 42 टक्के आणि 1 कोटी 60 लाख आहेत. परंतु वर्षभरात ज्यांच्या पत्नीला दिवस गेले अशा पुरुषांपैकीही 5 टक्के या मर्यादेखाली असतात, म्हणून हा उत्तीर्ण-अनुत्तीर्णचा निकाल नव्हे, असे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावले. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि माझ्याही.

त्यानंतर मला उभे करून हाताने तपासले, तेव्हा डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषावरील फुगलेल्या शिरा, सापडली. चार वर्षांत एकाही डॉक्टरांनी मला तपासलेच नव्हते.

दोन गोष्टी खटकल्या. स्वागतकक्षात निफाड-दिंडोरीहून आलेली कुटुंबे खच्चून भरलेली असताना पूर्ण नाव आणि तपासणी मोठ्याने पुकारली जाते. ज्या माणसाने घरीही कोणाला सांगितलेले नसते, त्याच्यावर हा अन्याय आहे. शिवाय बाहेर पडताना तीन महिन्यांच्या महागड्या पूरक गोळ्या पुढे केल्या जातात. जस्त आणि फॉलिक आम्लाच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, ना वीर्याची गुणवत्ता सुधारली ना बाळांच्या जन्माचे प्रमाण वाढले. मी विचारल्यावर डॉक्टरांनी त्या घेण्याचा आग्रह धरला नाही, हे खरे. पण न विचारणाऱ्यांचे काय?

शुक्राणू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली तपासणी तीन महिन्यांनी, जानेवारीत ठरली आहे. ती मी याच केंद्रात करणार आहे.