ऑफिसची पँट, पुराची पँट: चार प्रकारांची पारख

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. म्हणजे कुलाब्याशेजारच्या फोर्टात टेबलाशी बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर बघून काही कळायची सोयच नव्हती. उपनगरात जोर धरला तो दुपारी दोननंतर, लोक कामावर असताना. मग व्हीटी ते ठाणे हे 34 किलोमीटर असोत की दादर ते बोरिवली, माणसं चालली ती अंगावरच्या कपड्यांत. घरच्या कपाटात कुणाचा भारीतला रेनसूट असेलही, त्या दिवशी तो कपाटातच राहिला.

म्हणून इथे कपड्याला पहिला निकष एकच लावला आहे: तो सोमवारी ऑफिसला, बँकेत, कॉलेजात कुणी वळून न बघता घालता येतो का? गर्दीत उठून न दिसण्याचं महत्त्व आपल्याकडे लुटालुटीच्या भीतीपेक्षा यासाठी जास्त आहे. विचित्र दिसणारा कपडा रोज घातला जात नाही, आणि रोज न घातलेला कपडा नेमका वेळेला अंगावर नसतो.

पँटपासूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

जीन्स. डेनिम चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅम किंवा त्याहून जड, आणि बहुतेक सगळं सुती. कोरडी जीन्स 600–700 ग्रॅमची, पाण्यातून निथळत बाहेर आली की दीड किलोच्या घरात जाते. गुडघ्याला चिकटते, प्रत्येक पावलाला मांडी ओढते आणि जांघेतली जाड दुहेरी शिवण दोन-तीन किलोमीटरांत कातडी सोलवटते. पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस वाळत नाही. लायक्रा घातलेली स्ट्रेच जीन्स थोडी कमी ओढते, पण वाळायला तेवढीच रडते. जून ते सप्टेंबर जीन्स बंद, एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

'टॅक्टिकल' कार्गो. हिच्यावर ऑनलाइन सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. आठ-दहा खिसे, गुडघ्यावर दुहेरी कापड, फोटोत दणकट. कापड बरं असतं, कटही मोकळा असतो. घोळ आहे तो मांडीवरच्या फुगीर खिशांचा: मांडीभर पाण्यातून गेलं की ते पिशवीसारखे भरतात आणि पाणी बाहेर जायला वाट नसते. घेतलीच असेल तर प्रत्येक खिशाच्या खालच्या कोपऱ्यात शिंप्याकडून एकेक आयलेट, म्हणजे कडी लावलेलं भोक, ठोकून घ्या. शिवाय ही पँट घातलेला माणूस गर्दीत लगेच उठून दिसतो. लोक त्याला मदतपथकातला समजून वाट विचारतात. लष्करी छपाईची तर अजिबात घेऊ नये. सैनिक असल्याचं भासवायला तसा वेष घालणं हा गुन्हा आहे, आणि तुमचा हेतू काय होता हे नाक्यावर समजावत बसायची ती वेळ नव्हे.

ट्रेकिंगची क्विक-ड्राय पँट. तयार मालात आमची पसंती हिलाच, पण लेबल वाचून. नायलॉन 90 आणि इलास्टेन 10 च्या आसपासचं मिश्रण उत्तम. शंभर टक्के पॉलिएस्टरही चालेल, फक्त ते चकाकतं आणि त्याला घामाचा वास लवकर धरतो. सुती धागा हवेतला ओलावासुद्धा आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के धरून ठेवतो, नायलॉन चारेक टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पाण्यात बुडाल्यावर फरक पडतो तो यानेच, आणि कापडाच्या जाडीने. पँटचं वजन 250 ते 350 ग्रॅम असावं. पिळून पंख्याखाली टाकली तर दोन-तीन तासांत घालण्याजोगी होते. किंमत साधारण हजार ते दोन हजार.

दुकानात घालून बघताना गुडघा छातीपर्यंत उचला. जांघेत पाचरीसारखा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर कापड ओढलं जात नाही; नसेल तर भिंत किंवा डिव्हायडर ओलांडताना पँट नेमकी तिथेच उसवते. खिसे उलटे करून बघा, आतलं कापड जाळीचं हवं. चेन प्लास्टिकच्या गुंडाळीची घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्वस्तातली धातूची चेन दुसऱ्या पावसाळ्यात अडकते. गुडघ्याशी चेन असून पाय सुटे होणारी पँट ऑफिससाठी बाद: ती गोल चेन लांबूनही दिसते आणि चालताना गुडघ्यामागे घासते. रंग करडा किंवा गडद राखाडी, बोधचिन्ह शक्य तितकं लहान. इस्त्री मंद ठेवा, नाहीतर नायलॉन आकसतं.

चौथा प्रकार कुणी सुचवत नाही: शिवून घेतलेली टेरिकॉट. मंगळदास मार्केटात किंवा गावातल्या कुठल्याही कापडवाल्याकडे 'टीसी' म्हणून मागा. पॉलिएस्टर 65–67, सुती 33–35. तेच ते शाळेच्या गणवेशाचं कापड, ज्याला आपण सगळ्यांनी नाकं मुरडली. 58 इंची पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरतं, इस्त्री कडक बसते, कुणाच्या डोळ्यात भरत नाही. वाळायला ट्रेकिंग पँटच्या दुप्पट वेळ घेते, पण जीन्सच्या मानाने काहीच नाही. कापडवाला 'टीआर' पुढे करेल, हात लावून बघा कसं मऊ आहे म्हणेल, नको. त्यातलं रेयॉन पाणी पितं आणि ओलं असताना त्याची ताकद घटते. 'टीडब्लू', म्हणजे लोकर मिसळलेलं, ओलं असतानाही ऊब देतं. घोंगडीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण ते महाग पडतं.

पँट कुठलीही असो, शिंप्याकडून तीन कामं करून घ्या.

पहिलं, चोरखिसा. पट्ट्याच्या आतून, उजव्या बाजूला पुढे, 10 बाय 12 सेंटिमीटर, टेरिकॉटचाच. मांजरपाटाचा नको, तो ओला राहतो. शिवण फक्त वरून पट्ट्याला घ्यावी, खिसा आत लोंबता राहू द्यावा, म्हणजे बाहेरून टाक्यांची चौकट उमटत नाही. त्यात छोट्या झिपच्या पिशवीत पाचशेच्या दोन, शंभराच्या चार-पाच नोटा, ओळखपत्राची प्रत आणि कागदावर लिहिलेले तीन फोन नंबर. मोबाइल बंद पडला की स्वतःच्या बायकोचा नंबर आठवत नाही.

दुसरं, पायाशी दुमडीच्या आतून परावर्तक पट्टी. करड्या पँटची मोठी खोट अशी की वीज गेलेल्या रस्त्यावर गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. 5 सेंटिमीटर रुंदीची चंदेरी पट्टी आतून शिवून घ्या. एरवी ती झाकलेली राहते, गरज पडली की पाय एकदा वर दुमडायचा. चिकटवायची नाही, चार धुण्यांत निघते. तिच्यावर इस्त्रीही फिरवायची नाही.

तिसरं, दोरा. लांबी कमी करताना शिंपी हाताला लागेल तो दोरा घालतो. पॉलिएस्टरचा सांगा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि दुमड पहिल्यांदा सुटते. पट्टा नायलॉनचा विणलेला बरा. भिजलेली पँट खाली ओढते, आणि चामड्याचा पट्टा फुगून रंग सोडतो.

बायकांसाठी बाजार जास्त वाईट आहे, कारण तयार पँटला खिसे म्हणजे दोन बोटं जातील एवढी थट्टा. क्रेप किंवा तत्सम पॉलिएस्टरचा गुडघ्याच्या वर संपणारा, बाजूने उघडा कुर्ता आणि नायलॉनच्या कापडाची सरळ पँट ही जोडी पाण्यात सगळ्यात कमी अडकते. सुती लेगिंग पातळ असली तरी ओली राहते आणि अंगाला चिकटते. रंग गडदच, फिकट कापड भिजल्यावर आरपार दिसतं. ओढणी असेल तर कमरेला गाठ मारून ठेवायची, पाण्यात सोडायची नाही.

वरून काय? दुकानात 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर-रेझिस्टंट' एकाच दांडीवर लटकतात. जॅकेटच्या लेबलवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, कापड पाण्याचा किती उंच स्तंभ झेलतं त्याचा; तो 2000 असेल तर रिमझिम आणि मध्यम सर निभावते, पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथून पाणी आत येतं. कोकणपट्टीच्या पावसाला 5000 च्या पुढचं घ्या, आणि आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते उलटं करून बघा. नसेल तर आकडा कितीही मोठा असो, पाणी सुईच्या भोकांतूनच येणार. दोन वर्षांनी आतला थर पापडासारखा सुटतो. दमट कपाटात घडी घालून ठेवल्याचा तो परिणाम, हँगरला लटकवा. दुचाकीवाल्यांचा जाड पीव्हीसी सूट पाऊस अडवतो, पण त्यात चालत चार किलोमीटर गेलं की माणूस घामानेच भिजतो.

गमबूट नकोत. पाणी काठाच्या वर गेलं की बादल्याच त्या. चपला चिखलात अडकतात, सँडलमध्ये बोटं उघडी राहतात आणि पुराच्या पाण्यात खिळे, पत्रे, काचा असतात. रबरी तळाचे, बंद, कापडी बूट सर्वांत बरे. जुने पीटीचे बूट काळ्या रंगात मिळाले तर ऑफिसातही खपतात. मोजे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, एक कोरडी जोडी पिशवीत. ती मुक्कामी पोचल्यावर घालायची.

आणि घडीची नको, लांब दांड्याची छत्री. पाऊस थोपवायला नव्हे, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपायला. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत उघड्या मॅनहोलने जीव घेतला.

यातला कुठलाही कपडा करू शकत नाही अशा गोष्टीही आहेत. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की चालायचं नाही, पँट कुठलीही असो. लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणाऱ्या तापाचे, जंतू कुठलंही कापड अडवत नाही. पाय साबणाने धुवायचे आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिनचा निर्णय घ्यायचा. आगीजवळ काम असेल तर नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि टेरिकॉट त्याहून बरं नाही, तिथे सुतीच.

बूट माळ्यावर असतील तर मे महिन्यात खाली काढा आणि तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा. फोमसारख्या पॉलियुरेथेनचा तळ न वापरतासुद्धा दमट हवेत कुजतो आणि चार-पाच वर्षांनी चालता चालता खरवसासारखा फुटतो. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट भुगा लागला, तर ती जोडी फेकून द्या.