भाताच्या कल्चरसाठी जेलन गम पावडर: अगार सोडावा का?

आमच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये मीडिया, म्हणजे वनस्पतीच्या पेशी वाढवायचं जेलीसारखं गोठवलेलं पोषक द्रावण, बनवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे पावडर कोणतीही येवो, तिचे लाड मलाच पुरवावे लागतात. तुमच्याकडे अगारवर (मीडिया गोठवायची नेहमीची पावडर) काम नीट चाललं असेल तर खुशाल चालू द्या. पण भाताच्या दाण्यापासून कॅलस (पेशींचा गोळा, ज्यातून पुढे कोंब काढतात) काढणाऱ्यांनी अगारऐवजी जेलन गम ही गोठवणारी पावडर एकदा वापरून बघाच.

का, तर त्यातून आरपार दिसतं. भाताच्या दाण्याचं तूस काढा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर बुडवा, ट्वीन-२० (साबणासारखा द्रव) चे दोन थेंब घातलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) अर्धा तास हलवा, निर्जंतुक पाण्यानं चार-पाच वेळा धुवा. एवढं करूनही दाण्याच्या आतले जीवाणू मरतीलच असं नाही. त्या मानानं बुरशी परवडली. दोन-चार दिवसांत पांढरे तंतू दिसतात आणि प्लेट सरळ बाद करता येते. जीवाणू मात्र लबाड. दाणा जिथे मीडियाला टेकतो तिथे, खालच्या बाजूनं, दुधाळ वलय धरून बसतात. अगार मुळातच जरा धुरकट, त्यात हे वलय लपून जातं. ते नजरेला येईपर्यंत कॅलस पुढच्या प्लेटमध्ये गेलेला असतो आणि घाणही त्याच्याबरोबर. जेलन गमची प्लेट न उघडता उजेडासमोर धरून खालून बघितली की वलय फिकट असतानाच सापडतं. मला विचाराल तर पैसे या एका गोष्टीचे.

पावडर जंतू मारत नाही, हे मुद्दाम सांगते. लॅमिनारमधली (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कामाचं टेबल) शिस्त आणि १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) यांना सुट्टी नाही.

लिटरला अगार ८ ग्रॅमच्या आसपास लागतो, हिचं २.५ ते ३ ग्रॅममध्ये भागतं. ३० ग्रॅम साखर आणि २ मिलिग्रॅम २,४-डी (कॅलस वाढवणारं संप्रेरक) घातलेल्या एमएस मीडियात (मुराशिगे-स्कूग हा क्षारांचा नेहमीचा मीडिया) जेल छान घट्ट बसतो. तो धरतो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जोरावर, म्हणून क्षार निम्मे केलेल्या मीडियात ढिला पडतो. तिथे पावडर थोडी वाढवावी लागते. पीएच ५.८ च्या बराच खाली गेला तरी तेच रडगाणं.

आता तिचे नखरे. गरम पाण्यात टाकलीत तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गोळ्या होतात आणि त्या ऑटोक्लेव्हमध्येही धड विरघळत नाहीत. थंड मीडियात, ढवळणी जोरात फिरत असताना, चिमटी-चिमटीनं भुरभुरायची. ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर गप्पा मारत बसायचं नाही. अगारपेक्षा ही जास्त तापमानालाच गोठते आणि बाटलीतच अडकते. अडकली तर अगारसारखी सहजासहजी पुन्हा वितळत नाही, म्हणजे मीडिया वाया. जास्तीचा मीडिया बनवून ठेवून नंतर वितळवायची सवय असेल, तर ती सोडावी लागेल.

कॅलसवरून कोंब काढताना मी जेल जरा घट्टच ठेवते. मऊ जेलवर कोंब पाणचट होतात आणि मग मातीत गेल्यावर टिकत नाहीत.

कंपनीचं नाव घेत नाही, पण आमच्याकडे आलेल्या डब्याचं झाकण सैल होतं. पावडर ओल धरते, त्यामुळे आल्याआल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत काढा, वर लॉट नंबर लिहा, आणि लॉट बदलला की आधी पाव लिटरच बनवून बघा.