मीटरवर शून्य दाखवणारा माणूस

परवा पलूसहून एका वर्कशॉपवाल्याचा फोन आला. ओळख ना पाळख. म्हणाला, "तुमचं जुनं सीएनसी अमक्यानं चालू करून दिलं म्हणे. त्यानंच तुमचं नाव दिलंय. माणूस कसा आहे?"

मला आधी हसूच आलं. मग घाम फुटला. कारण वर्षभरापूर्वी त्या माणसानं मलाही असंच कुपवाडमधल्या एका वर्कशॉपचं नाव सांगितलं होतं आणि मी तिथं फोन करायची तसदी घेतली नव्हती. म्हणून हे लिहितोय.

आमची शेड सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत. पंपांचे शाफ्ट आणि स्लीव्ह यांचं जॉबवर्क करतो. दोन साधे लेथ आणि एक जुनं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं, टर्निंग मशीन. २०११ साली सेकंडहँड घेतलं तेव्हाच ते म्हातारं होतं. त्याचा कंट्रोल, म्हणजे मशीनचा मेंदू, फॅनुक या जपानी कंपनीचा झिरो-टी. ही झिरो मालिका १९८५ ची, पण आपल्याकडच्या कितीतरी शेडमध्ये अजून तिच्यावर भाकरी निघते. पडदा नऊ इंची, हिरव्या अक्षरांचा.

दिवाळी २०२४ च्या आधी महिनाभर त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बी-ए-टी अशी तीन अक्षरं लुकलुकत होती. आमचा ऑपरेटर म्हणायचा, "मालक, ह्याला क्रिकेट खेळायचंय, बॅट मागतंय." आम्ही सगळे हसायचो. ती मशीनच्या मेमरीला वीज देणाऱ्या सेलची बोंब होती. दिवाळीत शेडचे पत्रे बदलायचं काम काढलं आणि मशीन जवळजवळ तीन आठवडे पूर्ण बंद राहिलं. उघडलं तेव्हा पडदा लागला, पण त्यावर अलार्मची ही रांग. हत्यार पुढं-मागं नेणारी एकही स्लाइड हलेना.

तो माणूस कळला चहाच्या टपरीवर. इस्त्रीचा शर्ट, बॅगेत लॅपटॉप, भारीतला मल्टिमीटर. मला पहिल्या वाक्यापासून "शेठ". कुपवाडात कुणी मला शेठ म्हणत नाही, तिथंच कान टवकारायला हवे होते. त्यानं पॅनलचं दार उघडलं, फुंकर मारली आणि कंट्रोलच्या पॉवर सप्लायवर मीटरचे दोन टोक लावून मला जवळ बोलावलं.

"बघा शेठ, इथं २४ व्होल्ट पाहिजेत. काय दिसतंय?"

मीटरवर शून्य. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा भाचा मोबाईलवर फोटो काढत होता, त्याला काही कळत होतं म्हणून नव्हे, त्याला सगळ्याचेच फोटो काढायची सवय आहे. त्या सवयीनं पुढं आमची अब्रू वाचवली.

निकाल लगेच लागला. पॉवर सप्लाय गेलाय, त्यानं जाताना ॲक्सिस कार्डही, म्हणजे स्लाइड हलवणारं सर्किटही, उडवलंय, दोन्ही पुण्याला टेस्ट बेंचवर न्यावं लागेल. खर्च साठ हजार, निम्म्याहून थोडे जास्त आधी. मी पस्तीस हजार यूपीआयनं टाकले. खातं त्याच्या नावावर नव्हतं, कुणा बाईंच्या नावावर होतं. "मिसेसचं आहे," म्हणाला. मी मान हलवली.

कार्ड त्यानं साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत घातलं. खडखडीत कोरड्या हवेत, इलेक्ट्रॉनिक्सचं कार्ड, करकर वाजणाऱ्या पिशवीत! ज्याला स्थिर विजेची भीती माहीत आहे, तो असल्या पिशवीला हात लावणार नाही. शाफ्टचा एक बॉक्स शेडबाहेर जायचा तरी मी चलन बनवतो, त्यावर नग लिहितो, समोरच्याची सही घेतो. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढल्याशिवाय हलत नाही. आणि इथं पन्नास-साठ हजाराचा माल मी पिशवीत घालून "बरं या" म्हणून सोडला. का, तर माझ्या लेखी ते कार्ड म्हणजे जुनी हिरवी पाटी होती. त्याच्या लेखी काय होतं, ते नंतर कळलं.

पुढचे साडेतीन आठवडे नेहमीचेच. "आज बेंचवर लावलंय." "एक आयसी मिळत नाही शेठ, मुंबईहून मागवलाय." मध्ये एक व्हिडिओ आला, त्यात कुठल्याशा कार्डावर लाल दिवा चमकत होता. मी तो व्हिडिओ बायकोला दाखवला, एवढा माझा विश्वास. शेवटी दोन्ही वस्तू घेऊन तो आला. सोबत वहीतल्या कागदावर हिशेब: कपॅसिटर ६, आयसी ४, सर्व्हिस. बसवलं. अलार्म होते तिथंच, उलट एक वाढला.

तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला आणि आवाज खाली आणला. "शेठ, खरं सांगू? ह्या मशीनमध्ये आता पैसे घालू नका. मदरबोर्डपण संशयास्पद आहे. अजून चाळीस लागतील आणि गॅरंटी नाही. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे, आहे त्या स्थितीत पाऊण लाख देतो. भंगारात तुम्हाला एवढे पण येणार नाहीत."

खरा डाव हा होता, पण त्या संध्याकाळी मी जवळजवळ हो म्हणालो होतो. घरी जाऊन पाऊण लाखात काय काय भागेल याचा हिशेबही केला. दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक टेप घेऊन आलंसुद्धा. मशीनचा बेड मोजला, गाइडवेवर, म्हणजे स्लाइड जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर, नखानं खरवडून बघितलं. मरायला टेकलेल्या मशीनचा गाइडवे इतक्या मायेनं कोण बघतं?

शेजारच्या शेडमध्ये एक काका अधूनमधून येतात. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना नुसतं सहज सांगितलं, तर ते चहा तसाच ठेवून पॅनलपाशी आले.

"काय म्हणाला तो? २४ व्होल्ट न्हाईत?"

"शून्य होतं काका, मी बघितलं."

"आणि तवा पडदा लागला हुता?"

"हो, अलार्म दिसत होते की."

"आरं, मग तो पडदा कशावर लागला हुता, रॉकेलवर?"

या कंट्रोलचा नऊ इंची पडदा त्याच पॉवर सप्लायच्या २४ व्होल्ट डीसीवर चालतो. पडदा चालू आहे म्हणजे २४ व्होल्ट आहेतच. मग मीटरवर शून्य कसं? भाच्याचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. मीटरचा गोल खटका व्ही या अक्षरावर होता, पण त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघ होती. नागमोडी म्हणजे एसी, सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. चांगला मीटर एसीवर ठेवून स्वच्छ डीसी मोजला की तो शून्यच दाखवणार. मीटर खोटं बोलला नव्हता. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि तो मुद्दाम.

हे मी कुणालाही सांगतो: कारागीर मीटर लावून काही दाखवत असेल तर आकड्याच्या आधी खटका बघा. त्याला म्हणा, जिथं व्होल्टेज नक्की आहे अशा डीसी जागेवर, निदान मोटारसायकलच्या बॅटरीवर, आधी लावून दाखव. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

मग काकांनी भिंग मागवलं. पॉवर सप्लाय आमचाच होता, पण त्यात सहा कपॅसिटर बदलल्याची एकही खूण नव्हती. नवा सोल्डरचा टाका चकाकतो, त्याच्याभोवती फ्लक्सचा पिवळट डाग राहतो. इथं सगळे टाके राखाडी, आणि कपॅसिटरच्या बुडाशी वर्षानुवर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी. धूळ न हलवता पार्ट बदलायची कला अजून कुणाला साधलेली नाही.

ॲक्सिस कार्ड मात्र आमचं नव्हतंच. भाच्याच्या फोटोत कार्डाच्या कडेला कागदी लेबल होतं, त्यावरचे शेवटचे चार आकडे वेगळे. आमच्या कार्डावर एका कोपऱ्यात कूलंट उडून पडलेला तपकिरी डाग होता, ह्याच्यावर नाही. त्यानं आमचं चांगलं कार्ड काढून घेतलं आणि कुठल्या तरी मेलेल्या मशीनचं मेलेलं कार्ड आम्हाला बसवलं. तीस वर्षं जुनं चालू कार्ड म्हणजे भंगार नव्हे. नवं सहजासहजी मिळत नाही, म्हणून जुन्याला भाव असतो. मशीन "गेलं" म्हणायचं, चांगली कार्डं काढायची, मग उरलेला सांगाडा पाऊण लाखात उचलायचा आणि त्याच कार्डांनी चालू करून दोन-अडीच लाखांना दुसरीकडं द्यायचा, असा धंदा चालतो हे काकांनी सांगितलं. त्यांना याचं नवल वाटलं नाही.

मूळ बिघाड काय होता? काकांनी पॅनलमधली सेलची पेटी उघडली. आत टॉर्चमध्ये असतात तसले तीन जाड अल्कलाइन सेल, प्रत्येकी दीड व्होल्टचे, एकत्र साडेचार. मीटरवर, या वेळी डीसीवर, तिघांचे मिळून एक व्होल्टसुद्धा भरले नाहीत. एका सेलला पांढरं फुटलेलं. मशीन बंद असताना मेमरी ह्याच सेलवर जिवंत राहते. सेल मेले, वर मशीन तीन आठवडे बंद, मग पॅरामीटर, म्हणजे मशीनला भरवलेले आकडे, कुठून राहणार? स्लाइड किती आहेत, मोटर कुठली, एका फेऱ्यात किती सरकायचं, हे सगळं विसरून मशीन कोरं झालं होतं. कार्ड एकही जळालं नव्हतं. त्या माणसानं सेलची पेटी पहिल्या दिवशीच उघडून बंद केली होती, हेही फोटोत आहे. म्हणजे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

सेल पाचशे रुपयांच्या आत आले. ते मशीन चालू ठेवूनच बदलायचे असतात, बंद करून बदलले तर मेमरी जाते. आमची गेलेलीच होती, पण सवय म्हणून काकांनी चालू ठेवूनच बदलले. पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात मशीनसोबत आलेली पॅरामीटरची यादी होती, पिवळी पडलेली, एका कोपऱ्यावर उंदरानं खाल्लेली. नशीब, कोपरा रिकामा होता. भाचा आकडे वाचायचा, मी बटणं दाबायचो. नऊशेच्या पुढचे पॅरामीटर आधी घातले, कारण मशीनला कोणकोणत्या सोयी दिल्यात हे त्यात असतं, ते चुकले तर बाकीचं घालून उपयोग नाही. सकाळी दहाला बसलो ते दिवेलागणीला उठलो. ॲक्सिस कार्ड भोसरीतल्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडून अठ्ठावीस हजाराला आणलं. त्यानं त्याच्या मशीनवर चालवून दाखवलं, नंबर लिहून बिल दिलं आणि नाही चाललं तर आठ दिवसांत परत घेईन म्हणाला. असेही लोक आहेत, तेच जास्त आहेत. चांगला कारागीर व्हिजिटचे पैसे आधी सांगतो, काढलेला जुना पार्ट न मागता हातात ठेवतो, आणि जमत नसेल तर जमत नाही म्हणतो.

मशीन चाललं. पहिला शाफ्ट काढला तेव्हा काकांनी मायक्रोमीटर लावला आणि न बोलता खाली ठेवला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कार्ड दिल्याचा कागद आहे का? नव्हता. पैसे कुणाच्या खात्यावर? तिसऱ्याच बाईंच्या. काम केलं नाही म्हणता, तर तो वस्तू परत देऊन गेलाय ना? गेलाय. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून चारशेवीस जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, पण कलम कुठलंही असलं तरी ते माझंच कार्ड होतं हे मलाच दाखवावं लागणार. माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त भाच्याचे अकरा फोटो. अर्ज अजून तिथंच आहे.

आता आमच्या पॅनलमधल्या प्रत्येक कार्डावर बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आहे, अशा जागी की उचकटल्याशिवाय दिसणार नाही. लेबलांचे फोटो माझ्या, भाच्याच्या आणि बायकोच्या मोबाईलवर. पॅरामीटरचा बॅकअप जुन्या लॅपटॉपवर, मशीनच्या पंचवीस पिनांच्या सॉकेटमधून केबल टाकून घेतलेला, शिवाय छापून. सेल बदलल्याची तारीख पॅनलच्या दारावर मार्करनं लिहिलेली असते, दर दसऱ्याला खंडेनवमीची पूजा झाली की नवे सेल. आणि शेडमधून काहीही दुरुस्तीला गेलं की चलन, त्यावर लेबलचा नंबर, सही. ज्याला सही करायला जड जातं त्याला चहा देऊन परत पाठवतो.

पलूसच्या त्या माणसाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. वीस मिनिटं लागली. तो मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होता, मग त्याचं "हां" थांबलं. मी विचारलं, "मीटर लावून दाखवला का तुम्हाला?"

"दाखवला की. शून्य आलं."

"कार्ड नेलंय का?"

"कालच नेलं."

"फोटो?"

बराच वेळ पलीकडून फक्त लेथचा आवाज येत राहिला.